नानांच्या गाडीचा हिरवा रंग

(बी.ए. भाग २)

गेल्या वर्षी विजय दिनानिमित्त, म्हणजे १६ डिसेंबरला, आमच्या इतिहास विभागाने एक छोटेसे प्रदर्शन भरवले होते. १९७१ च्या युद्धातील वाहने, शस्त्रे व नकाशे यांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांनी स्वतः तयार करायच्या, असे ठरले. कोणी रणगाडा घेतला, कोणी विमान घेतले. मी ‘शक्तिमान’ ट्रक घेतला. त्याला कारण घरचेच होते. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, ज्यांना सारे गाव नाना म्हणते, ते सैन्यात ड्रायव्हर होते. १९७१ साली ते पठाणकोटच्या बाजूला शक्तिमानवर रसद वाहत होते. युद्धाच्या गोष्टी ते फारशा सांगत नाहीत. गाडीच्या मात्र सांगतात.

दिवाळीच्या सुट्टीत मी गाडी तयार केली. पुठ्ठा, गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा, आइस्क्रीमच्या काड्या आणि सुताराकडून कापून आणलेल्या लाकडी चकत्या एवढेच साहित्य होते. प्रमाण १:२५ धरले, म्हणजे खऱ्या गाडीच्या एका मीटरला चार सेंटिमीटर. रंग वाळल्यावर गाडी नानांच्या ओट्यावर नेली. नानांनी ती दोन्ही हातांत घेतली, चाके फिरवून पाहिली, मागचा फाळका उघडून पाहिला. मग म्हणाले, “पोरी, गाडी बराबर हाय. पण रंग आमच्या गाडीचा नाही. हा तं बंगल्याच्या फाटकाचा रंग झाला.”

मला वाईट वाटले, कारण रंग मी अंदाजाने घेतला नव्हता. मानक क्रमांक पाहून घेतला होता. मी विचारले, “मग कसा होता?” नाना बराच वेळ गाडीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हिरवाच. पण असा नाही.”

हा लेख त्या ‘असा नाही’ विषयी आहे. युद्धातील वाहनाची प्रतिकृती करणाऱ्याने खरा रंग कसा ठरवावा, त्यासाठी कोणते पुरावे असतात आणि प्रत्येक पुरावा कुठे दगा देतो, हे मला त्या दीड महिन्यात जे समजले ते येथे मांडत आहे. प्रतिकृती करणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. इतरांनाही वाचताना असे वाटावे की हा केवळ रंगाचा प्रश्न नाही. पुरावा तपासण्याचा प्रश्न आहे.

१. क्रमांकाचा रंग

‘हिरवा’ हा शब्द किती ढिला आहे, हे आपल्या भाषेवरूनच कळते. पोपटी, मेंदी, शेवाळी, गर्द हिरवा, पिस्ता, हे सगळे हिरवेच. एका माणसाची मेंदी दुसऱ्याला शेवाळी वाटते. सरकारला हजारो गाड्या रंगवायच्या असतात, त्या अनेक कारखान्यांतून यायच्या असतात. तेथे असे शब्द चालत नाहीत. म्हणून रंगांना क्रमांक देण्याची पद्धत पडली.

आपल्याकडे तयार रंगांसाठी भारतीय मानक क्रमांक ५ आहे. त्यात प्रत्येक रंगाला तीन आकडी क्रमांक असतो. २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, ५३८ म्हणजे टपालपेटीचा लाल. ही क्रमांकांची रीत ब्रिटिश मानकावरून आलेली आहे. जर्मनीत १९२७ साली ‘राल’ नावाची चाळीस रंगांची यादी झाली. अमेरिकेने १९५६ साली पाच आकडी पद्धत आणली आणि ती मला सर्वांत सोयीची वाटली. तिच्यातील पहिला आकडा चमक सांगतो: १ म्हणजे चकचकीत, २ म्हणजे मध्यम, ३ म्हणजे बिनचमकीचा. दुसरा आकडा रंगाचा गट सांगतो, ४ म्हणजे हिरवा. उरलेले तीन आकडे साधारणपणे गडदपणा सांगतात. आकडा जितका लहान तितका रंग गडद. तेव्हा ३४०८७ असे लिहिले की न पाहताही कळते की हा बिनचमकीचा, हिरव्या गटातला आणि बऱ्यापैकी गडद रंग आहे.

मी खामगावहून २२० क्रमांकाचा ऑईलपेंट आणला तो याच विश्वासाने. शक्तिमान ही गाडी जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्याने जबलपूरला तयार होत असे. तिचे उत्पादन १९५९ साली सुरू झाले आणि १९९६ साली थांबले. सरकारी कारखान्याची गाडी, तेव्हा सरकारी मानकाचा रंग, असा माझा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. क्रमांक कळला म्हणजे कारखान्याने काय मागवले याचा अंदाज येतो. गाडीवर प्रत्यक्षात काय दिसत होते, हे त्यातून कळत नाही.

२. बाबांचा धडा

माझे बाबा मलकापूरला महामार्गावर ट्रकच्या बॉडी रंगवतात. ते सातवीपर्यंत शिकले आहेत. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे पुस्तकातले काही असले की ते मीच सांगायचे आणि त्यांनी ऐकायचे, असा आमच्याकडे रिवाज झाला आहे. या वेळी तो उलटा झाला. मी त्यांना डब्यावरचा क्रमांक दाखवला. ते म्हणाले, “नंबर बराबर असन. पण तू तो ओला असताना वाचला का वाळल्यावर?”

त्यांनी शिकवलेल्या गोष्टी पुढीलप्रमाणे.

पहिली गोष्ट, ऑईलपेंट वाळल्यावर थोडा गडद होतो आणि चुना किंवा पोस्टर कलर वाळल्यावर फिका होतो. म्हणून डब्यात पाहून रंग ठरवू नये. पत्र्याच्या पट्टीवर हात मारावा आणि दुसऱ्या दिवशी पाहावे.

दुसरी गोष्ट, चमक. तोच रंग चकचकीत असला तर गडद आणि खोल दिसतो. चमक काढली की उजळ व कोरडा दिसतो. लढाईतील गाडी चमकून चालत नाही, कारण चमक लांबून दिसते. माझी गाडी नानांना फाटकासारखी वाटली त्याचे अर्धे कारण हेच होते. बाबांनी रंगात टर्पेंटाइन घालून तो पातळ केला, त्यात बारीक चाळलेली टाल्कम पावडर मिसळली आणि पातळ हात दिले. चमक गेली.

तिसरी गोष्ट, उजेड. वर्कशॉपमध्ये एखाद्या दाराला जुन्या बॉडीचा रंग जुळवायचा असेल तर बाबा दार उचलून बाहेर आणतात. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात, कारण ते वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी बनलेले असतात. रंग जुळवावा तो दिवसा, उघड्या सावलीत.

चौथी गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. शेवाळी रंग गडद करायचा म्हणून मी हिरव्यात काळा घालत होते आणि तो मेलेला, निळसर होत होता. बाबा म्हणाले, “हिरव्यात काळा टाकू नको. पिवळ्यात काळा टाक.” त्यांनी पिवडीच्या रंगात थोडे काजळ टाकून ढवळले आणि माझ्या डोळ्यांदेखत डब्यात शेवाळी हिरवा तयार झाला. त्यात हिरव्याचा थेंबही नव्हता. पुढे वाचनात आले की अमेरिकन सैन्याचा प्रसिद्ध ‘ऑलिव्ह ड्रॅब’ हा रंग मुळात असाच, पिवळी माती आणि काळा यांच्या मिश्रणातून तयार होत असे. बाबांना ते ठाऊक नव्हते. पिवळ्यात काळा घातला की काय होते, हे ठाऊक होते.

पाचवी गोष्ट आकाराची. दुकानातील कार्डावरचा बोटभर चौकोन पाहून घेतलेला रंग भिंतीवर उजळ दिसतो, हा प्रत्येक रंगाऱ्याचा अनुभव आहे. प्रतिकृतीत याच्या उलट होते. भिंतीएवढ्या गाडीचा रंग वीतभर वस्तूवर दिला की तो गडद वाटतो. शिवाय दूरची वस्तू हवेमुळे फिकी दिसते. जळगाव जामोदहून सातपुड्याकडे पाहिले तर तेथील झाडे हिरवी न दिसता निळसर करडी दिसतात. १:२५ च्या गाडीकडे ५० सेंटिमीटरवरून पाहणे म्हणजे खऱ्या गाडीकडे साडेबारा मीटरवरून पाहणे होय. एवढ्या अंतरात हवेचा परिणाम जवळजवळ नाही. पण १:७२ प्रमाणाचा रणगाडा त्याच अंतरावरून पाहिला तर ते ३६ मीटर होतात. म्हणून प्रतिकृती जितकी लहान तितका रंग किंचित उजळ करावा, असे बहुतेक जाणकार मानतात. मी नऊ भागांना एक भाग पांढरा मिसळला.

३. छायाचित्रांची साक्ष

आता नेमका कोणता शेवाळी, हा प्रश्न उरला. सरांनी विचारले, “छायाचित्र आहे का?” नानांजवळ एक आहे. गाडीच्या चाकाजवळ तीन जवान उभे आहेत, त्यांत नाना मधले. छायाचित्र कृष्णधवल आहे. कृष्णधवल छायाचित्र रंग सांगत नाही, फक्त उजळ-गडद सांगते. तरी ते निरुपयोगी नाही. गाडीचा रंग जवानांच्या गणवेशापेक्षा थोडा गडद आणि टायरपेक्षा पुष्कळ उजळ होता, एवढे त्यावरून नक्की ठरले. माझी पहिली गाडी टायरइतकीच गडद होती. म्हणजे ती चूक नानांच्या शब्दाशिवायही सिद्ध झाली.

रंगीत छायाचित्र असते तर प्रश्न सुटला असता, असे मला वाटत होते. तेही खरे नाही. त्या काळचे रंगीत छाप पुष्कळदा लालसर झालेले आढळतात, कारण त्यांतील निळसर रंगद्रव्य आधी उडते. अशा छायाचित्रात हिरवी गाडी तपकिरी दिसते आणि पाहणारा तोच खरा रंग समजतो. चित्रपटांचे तर बोलायलाच नको. १९६४ चा ‘हकीकत’ कृष्णधवल आहे. १९९७ च्या ‘बॉर्डर’मधील गाड्या १९७१ च्या म्हणून दाखवल्या, तरी त्या चित्रीकरणासाठी उभ्या केलेल्या आहेत. ती करमणूक झाली, पुरावा नव्हे.

४. संग्रहालयातील रंग

प्रदर्शनाच्या आधीच्या फेब्रुवारीत आमची सहल अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, गेली होती. तेथे चिलखती दलाने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. सुमारे पन्नास वाहने तेथे आहेत. रोल्स रॉईसची जुनी चिलखती मोटार आहे, १९६५ च्या युद्धात हाती आलेले पॅटन रणगाडे आहेत. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता धारातीर्थी पडले, तो ‘फामागुस्ता’ नावाचा रणगाडाही अहिल्यानगरच्याच चिलखती दल केंद्रात जतन केलेला आहे. खेत्रपाल १७ पूना हॉर्सचे. त्यांचा जन्म पुण्याचा, १९५० चा. म्हणजे त्या दिवशी त्यांचे वय एकवीस होते. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठे.

सहलीत काढलेली छायाचित्रे मी पुन्हा पाहू लागले. खरे रणगाडे समोर असताना आणखी कोणता पुरावा हवा? पण बाबांनी ती पाहिली आणि विचारले, “हे उघड्यावर उभे हायेत ना? मग याले दर काही वर्षांनी रंग मारतच असतीन.” गोष्ट साधी होती आणि मला सुचली नव्हती. उन्हापावसात राहणाऱ्या लोखंडाला रंग दिला नाही तर ते गंजेल. तो रंग जतनासाठी असतो; लढाईच्या दिवशीचा रंग त्याच्या कितीतरी थर खाली गेलेला असतो. संग्रहालयात आकार, मापे, जोड, बोल्ट यांचा अभ्यास निर्धास्तपणे करावा. रंगाच्या बाबतीत मात्र संग्रहालय हे आजचे साधन आहे, त्या काळाचे नव्हे. ‘वस्तू अस्सल असली तरी तिचा पृष्ठभाग अस्सल असेलच असे नाही,’ हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून ठेवले.

५. कारखाना आणि रणांगण

मग एक मूलभूत शंका आली. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशीचा रंग खरा, की लढाईच्या दिवशीचा?

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धातील एका उदाहरणाने चांगले मिळते. जर्मन रणगाडे सुरुवातीस गडद करड्या रंगाचे असत. फेब्रुवारी १९४३ मध्ये आदेश निघाला की यापुढे मूळ रंग गडद पिवळा असेल. त्यावर मारण्यासाठी हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लगद्याच्या स्वरूपात पलटणींना दिला जाई. तो पातळ करायचा पाण्याने किंवा पेट्रोलने. कुठे पाणी जास्त पडे, कुठे पेट्रोल कमी; कुठे फवारणी यंत्र असे, कुठे नुसता ब्रश किंवा झाडू. आदेश एक, पण दोन रणगाडे एकसारखे नसत. त्यामुळे ‘जर्मन रणगाड्याचा खरा रंग कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर शोधणारा माणूस चुकीचा प्रश्न विचारत असतो. कोणता रणगाडा, कोणत्या वर्षी, कोणत्या आघाडीवर, असे विचारले पाहिजे.

सैन्याचा आणखी एक प्रसिद्ध रंग, खाकी, याचे नावच हे सांगते. ‘खाक’ म्हणजे धूळ, राख. मातीत मिसळून जावे म्हणून तो रंग आला. माती जागोजाग बदलते, तेव्हा मातीचे नाव घेतलेला रंगही बदलणारच.

मलाही माझा प्रश्न नीट मांडावा लागला. ‘शक्तिमानचा रंग कोणता’ हा तो प्रश्न नव्हता. नानांची गाडी १९७१ च्या डिसेंबरात, पठाणकोटच्या बाजूला, कोणत्या रंगाची दिसत होती, हा तो प्रश्न होता. आणि त्याचा साक्षीदार ओट्यावर बसला होता.

६. नानांचे दोन डोळे

बाबांच्या पद्धतीने केलेला, पिवळ्यातून निघालेला बिनचमकीचा शेवाळी रंग देऊन मी गाडी पुन्हा नानांकडे नेली. ते म्हणाले, “आता चमक गेली. पण मातकट झाला. हिरवा कमी पडला.” मी हिरवा वाढवला. त्यांनी मान हलवली, “आणखी जरासा.” आणखी वाढवला. “हां, आता आली आमची गाडी.” मला फार आनंद झाला. बाबांनी मात्र गाडी उन्हात धरून पाहिली आणि काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस नानांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. काही दिवसांनी हिरवी पट्टी निघाली. मी भेटायला गेले तेव्हा गाडी त्यांच्याच कोनाड्यात होती. त्यांनी ती मागवून घेतली आणि पाहताच म्हणाले, “अवं, हा एवढा पोपटी काहून केला?”

मी म्हटले, “नाना, तुम्हीच सांगितला होता.”

त्यांनी डावा डोळा झाकला, मग उजवा झाकला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. असे चार-पाच वेळा केले आणि लहान मुलासारखे हसले. उजव्या डोळ्याने गाडी बरोबर दिसत होती, डाव्याने पोपटी. भिंतीकडे पाहिले तर ती उजव्याने पिवळट, डाव्याने पांढरीशुभ्र.

आम्ही डॉक्टरांना विचारले तेव्हा उलगडा झाला. वय वाढते तसे डोळ्यातील भिंग पिवळसर, पुढे तपकिरी होत जाते. माणूस जणू पिवळ्या काचेतून जग पाहत असतो, आणि हे इतके हळूहळू होते की त्याला ते कळत नाही. ऑपरेशनमध्ये ते भिंग काढून स्वच्छ भिंग बसवतात. नानांना आठवत होता तो विशीतल्या डोळ्यांनी पाहिलेला रंग. माझ्या गाडीकडे ते पाहत होते सत्तरीतल्या भिंगातून. पिवळ्या काचेतून आठवणीतला हिरवा दिसावा म्हणून त्यांनी मला हिरवा वाढवायला लावला. नाना खोटे बोलले नव्हते. त्यांची आठवणही कदाचित चुकलेली नव्हती. मधली काच बदललेली होती.

मौखिक इतिहासाविषयी आम्हाला वर्गात एक टिपण आहे: ‘साक्षीदाराची स्थिती लक्षात घ्यावी.’ परीक्षेसाठी मी ते पाठ केले होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी नानांच्या ओट्यावर कळला.

७. ट्रंकेच्या कडीखाली

त्याच संध्याकाळी नानांनी स्वतःच आठवण काढली. त्यांची पत्र्याची ट्रंक १९७३ साली त्यांनी गाड्यांच्या रंगकामातून उरलेल्या रंगाने, वरिष्ठांना विचारून, रंगवली होती. ट्रंक आज निळी आहे. आत्याच्या लग्नाच्या वेळी घरातील सगळे सामान रंगवले, त्यात तीही रंगली.

बाबांनी कडीच्या पट्टीचे दोन बोल्ट रॉकेल सोडून मोकळे केले. पट्टी निघाली. तिच्याखाली बोटभर लांबीची हिरवी जागा होती. ब्रश तेथे कधी पोचला नव्हता, ऊनही पोचले नव्हते. मग बाबांनी शेजारच्या जागेवर ओल्या वॉटरपेपरने हलक्या हाताने गोल घासले. एकात एक कडी उमटली: बाहेर निळा, मग हिरवा, मग रेडऑक्साइड, मध्यभागी पत्रा. उत्खननात थर वाचतात तसे ते थर आम्ही कंदिलाएवढ्या जागेत वाचले. जुनी गाडी हाती आली तर तिचा मूळ रंग शोधण्याची हीच रीत आहे: बोल्टखाली, पट्टीमागे, जेथे नंतरचा ब्रश गेला नाही तेथे पाहावे.

येथेही सावध राहावे लागले. बाबा म्हणाले की कपाटाच्या आतला पांढरा ऑईलपेंट उजेड नसल्यामुळे पिवळा पडतो. म्हणजे पट्टीखालचा हिरवाही मूळ रंगापेक्षा थोडा पिवळसर झालेला असणार. आणि दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली: हा रंग १९७३ चा आहे, १९७१ चा नव्हे. दोन वर्षांत डबा बदललेला असू शकतो. तरीसुद्धा आमच्याजवळ असलेल्या साऱ्या पुराव्यांत हा सर्वांत जवळचा होता. २२० च्या पट्टीशेजारी धरला तेव्हा तो तिच्याहून किंचित तपकिरीकडे झुकलेला निघाला. बाबांच्या पहिल्या, ‘मातकट’ ठरलेल्या मिश्रणाच्या तो फार जवळ होता.

नाना डाव्या डोळ्याने त्या हिरव्या बोटभर जागेकडे बराच वेळ पाहत होते. मग एवढेच म्हणाले, “हाच.”

८. धूळ

रंग दिला की काम संपत नाही. रसद वाहणारी गाडी कधी स्वच्छ नसते. मी गाडीच्या चाकांवर, चिखलपट्ट्यांवर आणि फाळक्यावर आमच्या शेतातील काळी माती वस्त्रगाळ करून, पातळ सरसात मिसळून मारली. नाना पुन्हा हसले: “ही तं आपल्या वावरातली माती. ही गाडी पठाणकोटले गेलीच नाही.” पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती पंजाबात कुठून येणार? तिकडची धूळ पांढरट, पिठासारखी होती, असे त्यांनी सांगितले. मी ती पुसून खडूची भुकटी, थोडी पिवडी आणि चिमूटभर राख यांचे मिश्रण केले. धूळ खालच्या भागावर जास्त, वर कमी; दारापाशी हात लागून पुसलेली; पुढच्या काचेवर वायपरच्या कमानीएवढी जागा स्वच्छ. एवढे केल्यावर गाडीचा हिरवा आणखी एक छटा फिका दिसू लागला. म्हणून मूळ रंग देतानाच पुढे धूळ बसणार आहे हे ध्यानात ठेवावे, नाहीतर गाडी दुप्पट फिकी होते.

समारोप

एवढ्या खटाटोपातून मला जो क्रम हाती लागला तो असा. सर्वांत आधी प्रश्न नेमका करावा: कोणते वाहन, कोणते वर्ष, कोणती जागा. मग त्या काळच्या रंगाचा प्रत्यक्ष तुकडा मिळतो का पाहावे. तो नसेल तर त्या काळचे कागद आणि मानक क्रमांक पाहावेत. छायाचित्रावरून उजळ-गडद तपासावे, रंग नव्हे. साक्षीदाराला आदराने विचारावे, आणि तो कोणत्या डोळ्यांनी पाहतो आहे हेही विचारावे. संग्रहालयातून माप घ्यावे. चित्रपटातून काही घेऊ नये. यानंतरच चमक, उजेड, आकार आणि धूळ यांचा विचार करून ब्रश हाती घ्यावा.

प्रदर्शनात माझ्या गाडीजवळ मी एक पुठ्ठा लावला होता. त्यावर लिहिले होते: ‘रंग १९७३ च्या नमुन्यावरून. नमुना अंधारात राहिल्याने थोडा पिवळसर झाला असण्याचा संभव. आकारासाठी दहावा भाग पांढरा मिसळला. धूळ साक्षीदाराच्या सांगण्यावरून. १९७१ चा रंग नेमका हाच होता, असा दावा नाही.’ एका परीक्षकांनी विचारले की स्वतःच्या कामातील उणीव स्वतःच का लिहिली? मी उत्तर दिले की जो पुढे ही गाडी करील त्याला कोठून सुरुवात करायची ते कळावे. गाडीला बक्षीस मिळाले नाही. ते एका सुंदर रणगाड्याला मिळाले.

त्या दिवशी बाबा प्रथमच आमच्या महाविद्यालयात आले. वर्कशॉपमधून सरळ आल्यामुळे त्यांच्या नखांत रंग होता, म्हणून ते दाराशीच थांबले. सरांनी त्यांना आत बोलावले आणि विचारले, “हा हिरवा पिवळ्यातून कसा काढलात?” बाबा प्रथम अडखळले आणि मग सांगू लागले. भोवती दहा-बारा विद्यार्थी जमले. पिवळा किती, काळा किती, तो आधी का टाकायचा नाही, सारे त्यांनी हात हलवून समजावले. मी मागे उभी राहून ऐकत होते. वर्गात पुढे उभे राहून माझे बाबा शिकवत आहेत, असे मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

गाडी आता नानांच्या ट्रंकेवर असते. ट्रंकेच्या कडीची पट्टी पुन्हा बसवली आहे. तिच्याखालचा हिरवा तुकडा तसाच ठेवला आहे. त्यावर रंग द्यायचा नाही, असे नानांनी घरात सर्वांना बजावून ठेवले आहे.